सात दिवसांत पुसले जाणारे चित्रण : पुण्यातील सोसायट्यांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहरातील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, व्यवस्थापक समितीचे सदस्य आणि सर्व सभासद यांस,

विषय : रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीला ठोकून निघून जाणारी वाहने आणि संस्थांच्या कॅमेऱ्यांतील चित्रण वेळीच जपून ठेवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी मूळची कोथरूडची असून गेली अकरा वर्षे नोकरीच्या निमित्ताने जर्मनीत, स्टुटगार्ट येथे राहते. माझे आईवडील पुण्यातच असतात. वडिलांचे वय ७६ आहे, आईचे ७२. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे तिला रिक्षात चढणे-उतरणे जमत नाही, म्हणून २०१९ मध्ये सुट्टीवर आले असताना मी त्या दोघांसाठी एक लहान गाडी घेतली आणि ती माझ्या नावावर नोंदवली. गेल्या नोव्हेंबरात या गाडीला रात्री कोणीतरी ठोकले आणि तो निघून गेला. गाडीची दुरुस्ती केव्हाच झाली आहे आणि तिच्यासाठी मला कोणाकडे काही मागायचे नाही. मात्र ठोकणाऱ्याचा माग समोरच्या एका संस्थेच्या कार्यालयातील यंत्रात सात दिवस होता आणि आठव्या दिवशी तो आपोआप पुसला गेला, याबद्दल मला आपल्याशी बोलायचे आहे. ती संस्था कोणती हे मी लिहिणार नाही, कारण तेथील माणसे वाईट नाहीत, आणि त्यांच्या जागी दुसरी कोणतीही संस्था असती तरी बहुधा हेच घडले असते.

आमची जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडली आहे. आईवडील तिथून दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या घरात राहतात. या घराला पार्किंग नाही, त्यामुळे गाडी रस्त्याच्या कडेला लावावी लागते. रस्त्यावर पी-१ आणि पी-२ च्या पाट्या आहेत. वडील रोज रात्री जेवण झाल्यावर कालनिर्णयाकडे एक नजर टाकतात, उद्याची तारीख सम की विषम ते पाहतात आणि खाली उतरून गाडी योग्य त्या बाजूला नेऊन लावतात. त्या मंगळवारी रात्रीही त्यांनी गाडी अशीच लावली होती, चाके कडेला अगदी समांतर, आरसा आत दुमडून. बुधवारी सकाळी दूध आणायला उतरले तेव्हा उजव्या बाजूचे मागचे दार आत दबलेले होते, मागचा दिवा फुटून त्याचे लाल तुकडे रस्त्यावर पसरले होते, दुमडलेला आरसा तुटून तारेला लोंबत होता आणि दारापासून बंपरपर्यंत पिवळ्या रंगाचा एक लांब ओरखडा उमटलेला होता. आमची गाडी पांढरी आहे. तो पिवळा रंग दुसऱ्या कोणाचा तरी होता.

वडिलांनी पहिल्यांदा काय केले, ते मला आईकडून नंतर कळले. ते वर आले, श्रीखंडाचा एक रिकामा डबा घेऊन पुन्हा खाली गेले आणि वाकून दिव्याचे सगळे तुकडे, आरशाच्या काचा आणि नखाने खरवडून काढलेली पिवळ्या रंगाच्या दोन-तीन खपल्या त्यांनी त्या डब्यात भरल्या. पोलिसांना हे सगळे लागेल, अशी त्यांची समजूत होती. तेव्हा पुण्यात सकाळचे सात वाजले होते, म्हणजे माझ्याकडे मध्यरात्रीचे अडीच. मुलीची झोपमोड नको म्हणून ते अकरा वाजेपर्यंत थांबले आणि मग त्यांनी मला फोन केला. त्या चार तासांत ते दोन ठिकाणी जाऊन आले होते, आणि पुढे जे काही झाले ते त्या दोन ठिकाणच्या दोन उत्तरांमुळे झाले.

पहिले ठिकाण पोलीस चौकी. तेथील हवालदारांनी त्यांना बसवून घेतले, सगळे ऐकून घेतले, अर्ज घेतला आणि पोच म्हणून प्रतीवर शिक्का मारून दिला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : गाडीचा नंबर आहे का, आणि फुटेज आहे का? दोन्हींपैकी काहीच नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "काका, समोरच्या सोसायटीला कॅमेरा दिसतोय, तेवढं फुटेज घेऊन या, मग बघू." दुसरे ठिकाण ती समोरची सोसायटी. तिच्या फाटकावरचा कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून आहे आणि गाडी त्याच्यापासून तीसेक फुटांवर उभी होती. सेक्रेटरींनी सांगितले की फुटेज असे कोणालाही देता येत नाही, पोलिसांचे पत्र आणा किंवा लेखी अर्ज द्या, रविवारी कमिटीची मीटिंग आहे, तीत ठेवू. वडिलांनी तिथेच बसून आखीव कागदावर अर्ज लिहून दिला. मी त्याच दुपारी स्टुटगार्टहून ईमेल पाठवला. चौकीला पत्रासाठी सोसायटीचे नाव हवे होते आणि सोसायटीला फुटेजसाठी चौकीचे पत्र हवे होते, आणि या दोन कागदांच्या मधले अंतर एका ७६ वर्षांच्या माणसाने पायी चालून कापायचे होते.

रविवारची मीटिंग गणसंख्येअभावी पुढच्या रविवारी गेली. त्या रविवारी समितीने अर्ज मंजूर केला आणि सेक्रेटरी स्वतः वडिलांना कार्यालयात घेऊन गेले. त्यांनी यंत्र सुरू केले तेव्हा त्यातले सर्वांत जुने चित्रण मागच्या सोमवारचे होते. हार्ड डिस्क भरली की यंत्र जुन्यावर नवे चित्रण लिहीत जाते आणि त्या यंत्रात जेमतेम सात दिवस मावतात, हे समितीतल्या कोणालाच ठाऊक नव्हते. सेक्रेटरींना मनापासून वाईट वाटले. त्यांनी वडिलांना चहा पाजला आणि घरापर्यंत सोडले. पण मंगळवारची ती रात्र आता कोठेच उरलेली नव्हती.

"गाडीच आहे, माणूस तर नाही ना गेला," असे या काळात आम्हाला अनेकांनी म्हटले आणि ते आपुलकीने म्हटले, याबद्दल मला शंका नाही. तरीही उभ्या गाडीला ठोकून जाण्याचा भुर्दंड नेमका कोणावर पडतो हे मी आकड्यांत मांडते, कारण विमा आहे म्हणजे नुकसान भरून निघाले, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो खरा नाही.

ज्याला आपण रोजच्या बोलण्यात हिट अँड रन म्हणतो, त्याची सरकारी भरपाई मोटार वाहन कायद्याखाली फक्त मृत्यू आणि गंभीर दुखापतीसाठी मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ती अनुक्रमे २ लाख आणि ५० हजार रुपये आहे. गाडीच्या नुकसानीसाठी तीत काहीही नाही. ठोकणाऱ्याचा नंबर मिळाला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. प्रत्येक वाहनाला सक्तीचा असलेला तृतीय पक्ष विमा दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीलाही लागू होतो, आणि शिवाजीनगरच्या न्यायालयातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे त्यासाठी दाद मागता येते. नंबर नाही म्हटल्यावर आपल्याच विम्याकडे वळावे लागते. आमची गाडी पाच वर्षांहून जुनी झाल्यामुळे घसारा न धरण्याची जादा सोय नूतनीकरणात गळून गेली होती. त्यामुळे प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के आणि पत्र्याच्या भागांवर ४० टक्के घसारा कापला गेला, रंगाच्या साहित्याची निम्मी किंमत गेली आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला लागू असलेली १,००० रुपयांची सक्तीची वजावट झाली. बिल ३४ हजारांचे होते, त्यातले सुमारे ११ हजार आमच्या खिशातून गेले.

गोष्ट इथे संपत नाही. पाच वर्षे एकही दावा न केल्यामुळे आम्हाला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यात सूट, मिळत होता. एका दाव्याने तो शून्यावर आला. पुढे तो २०, २५, ३५, ४५ असा एकेक पायरीने चढून पुन्हा ५० वर जाईल. आमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बोनसपूर्वी साधारण ९ हजार रुपये येतो. तो तेवढाच राहील असे धरले, तर या पाच वर्षांत आम्ही सुमारे ११,२५० रुपये जास्त भरणार आहोत. म्हणजे ३४ हजारांच्या नुकसानीपैकी जवळजवळ दोन तृतीयांश भार, ज्याची गाडी शिस्तीत कडेला उभी होती, त्याच माणसावर आला. ठोकणाऱ्यावर एक रुपयाही आला नाही.

परदेशातून हा दावा करताना ज्या अडचणी येतात, त्या मी थोडक्यात सांगते, कारण पुण्यात माझ्यासारख्या मुलामुलींच्या नावावर असलेल्या आणि आईवडील वापरत असलेल्या गाड्या बऱ्याच आहेत. पॉलिसी माझ्या भारतीय मोबाइल क्रमांकाशी जोडलेली होती आणि ते सिम वडिलांच्या जुन्या फोनमध्ये होते. ओटीपी त्यांच्याकडे जायचा आणि काही मिनिटांत तो मला इकडे लिहावा लागायचा. फोनवर कोणालाही ओटीपी सांगायचा नाही, हे मीच त्यांना अनेकदा बजावून शिकवलेले आहे. त्यामुळे आकडे वाचण्यापूर्वी ते दरवेळी थांबत आणि विचारत, "तूच बोलते आहेस ना?" दावा अर्जात अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याचे नाव आणि परवाना क्रमांक विचारलेला असतो. गाडी उभी होती, चालक कोणीच नव्हता, असे आम्ही लिहिले. अर्ज परत आला. गाडी शेवटची कोणी लावली त्याच्या परवान्याची प्रत मागितली गेली. वडिलांनी परवान्याचे नूतनीकरण वेळच्या वेळी केलेले होते म्हणून निभावले. ते राहून गेले असते तर दावा तिथेच अडला असता. ज्यांच्या गाड्या अशा आहेत त्यांनी पॉलिसीवरचा मोबाइल क्रमांक आईवडिलांचा करून घ्यावा आणि एक सही केलेले अधिकारपत्र घरात ठेवावे, एवढेच सांगून मी हा विषय सोडते.

आता जर्मनीतला एक अनुभव सांगते. तिकडचे सगळे चांगले आणि आपले सगळे वाईट असे मला सुचवायचे नाही. उभ्या गाड्यांना ठोकून पळणारे लोक तिथेही आहेत, आणि ठोकणारा सापडला नाही तर तिथेही ज्याच्याकडे फोलकास्को म्हणजे पूर्ण विमा नाही त्याला दुरुस्तीचा खर्च स्वतःच करावा लागतो. स्टुटगार्टमधल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात बर्फावरून माझी गाडी घसरली आणि शेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या बंपरला घासली. मी अर्धा तास तिथे थांबले. कोणी आले नाही, तेव्हा मला येत होते तेवढ्या जर्मनमध्ये मी माझे नाव, पत्ता आणि फोन लिहिलेली चिठ्ठी त्या गाडीच्या वायपरखाली ठेवली आणि कामावर गेले. आपण योग्य तेच केले असे मला वाटत होते. संध्याकाळी ऑफिसमधल्या एका मराठी सहकाऱ्याला हे सांगितले, तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. "अगं, नुसती चिठ्ठी ठेवून निघून जाणं हा इथे गुन्हा आहे. आत्ताच्या आत्ता पोलिसांना फोन कर," तो म्हणाला.

मी फोन केला. तासाभरात दोन पोलीस आले. त्यांनी घडीची मोजपट्टी उघडून माझ्या बंपरवरच्या आणि त्या गाडीवरच्या ओरखड्याची जमिनीपासूनची उंची मोजली, दोन्हींचे फोटो काढले, विम्याची माहिती लिहून घेतली आणि त्या गाडीच्या मालकाला कळवले. जर्मन फौजदारी संहितेच्या कलम १४२ प्रमाणे अपघातस्थळावरून असे निघून जाण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. चिठ्ठी उडून जाऊ शकते, भिजू शकते, म्हणून ती पुरेशी धरली जात नाही. वाजवी वेळ थांबायचे आणि मग विनाविलंब मालकाला किंवा पोलिसांना कळवायचे, असा तो नियम आहे. वाहत्या रहदारीबाहेर झालेले नुकसान किरकोळ असेल आणि माणसाने २४ तासांच्या आत स्वतःहून कळवले, तर न्यायालय शिक्षा कमी किंवा माफ करते.

हे २४ तास वाचून मला आपल्या कायद्याची आठवण झाली, कारण आपल्याकडेही नेमके २४ तासच आहेत. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १३४ मध्ये दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले असतानाही, पोलीस तिथे हजर नसतील तर चालकाने जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत कळवले पाहिजे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. ते न करणाऱ्याला कलम १८७ खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा आपल्याकडे आहे. तो लागू करण्यासाठी लागते ते फक्त त्या वाहनाचे नाव-गाव, आणि ते पुण्यासारख्या शहरात बहुतेक वेळा एखाद्या सोसायटीच्या कॅमेऱ्यातच असते. म्हणून मी हे पत्र पोलिसांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

चित्रण कोणालाही देऊन टाकावे, असे माझे म्हणणे नाही. सेक्रेटरींनी वडिलांना दाखवलेली सावधगिरी मला पटते. त्या कॅमेऱ्यात सोसायटीतल्या मुली किती वाजता घरी येतात हे दिसते, कोणाकडे कोण येते-जाते हे दिसते, आणि ते मागेल त्याच्या हातात पडता कामा नये. माझी मागणी जपून ठेवण्याची आहे. देणे आणि जपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देण्यासाठी समितीचा विचार, पोलिसांचे पत्र, जे काही लागेल ते लागू द्या, त्याला महिना लागला तरी चालेल. पण जपण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नसावी आणि ते त्याच दिवशी व्हावे. आमच्या बाबतीत त्या रात्रीच्या चित्रणाची फाइल सेक्रेटरींनी बुधवारी सकाळी पेन ड्राइव्हवर उतरवून स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवली असती, तर पुढच्या दोन मीटिंगा बारगळल्या असत्या तरी काही बिघडले नसते.

प्रत्येक संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते. येत्या सभेत यासाठी एक कायमचा ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. सभासद असो वा बाहेरचा, कोणीही घटनेची तारीख आणि अंदाजे वेळ लिहून अर्ज दिला, की सेक्रेटरींनी किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने त्याच दिवशी त्या वेळेच्या आगेमागे एकेक तासाचे चित्रण उतरवून पाकिटात बंद करावे, पाकिटावर तारीख व सही करावी आणि ते फक्त पोलिसांच्या मागणीवरून द्यावे, एवढे त्या ठरावात असले तरी पुरे. पाकिटावर आणखी एक गोष्ट लिहिणे फार महत्त्वाचे आहे. यंत्रावरचे घड्याळ बरोबर आहे का आणि नसेल तर किती मिनिटांनी पुढे-मागे आहे, याची नोंद हवी. वीज जाऊन येऊन बऱ्याच यंत्रांची घड्याळे चुकलेली असतात आणि पुढे तीच चूक पुराव्यावर संशय घ्यायला पुरते. असे चित्रण न्यायालयात दाखल करायचे झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच फाइल उतरवलेली असली, तर तेही सोपे जाते.

आज कृपया आपल्या कार्यालयात जाऊन एकदा पाहा की आपल्या यंत्रात किती दिवसांचे चित्रण आहे. पाच असेल, पंधरा असेल. जे असेल ते समितीतल्या प्रत्येकाला माहीत असावे आणि सूचना फलकावर लिहिलेले असावे. एक टीबीच्या जागी चार टीबीची डिस्क बसवली तर तेवढ्याच कॅमेऱ्यांचे साधारण चौपट दिवस मावतात. लिफ्टच्या वार्षिक देखभालीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

वॉचमनबद्दल मला वेगळे लिहायचे आहे. समोरच्या सोसायटीच्या रात्रपाळीच्या वॉचमनने तिसऱ्या दिवशी वडिलांना एकटे गाठून सांगितले की रात्री दोन-अडीचच्या सुमारास मोठा आवाज झाला, तो बाहेर आला तेव्हा एक पिवळा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळत होता आणि त्याच्या नंबराची सुरुवात एमएच १४ ने होती, पुढचे दिसले नाही. हे चौकीत येऊन सांगशील का, असे वडिलांनी विचारल्यावर तो गप्प झाला. तो एजन्सीचा माणूस आहे. पोलिसांच्या भानगडीत पडलास तर उद्यापासून येऊ नकोस, असे त्याला आधीच्या एका ठिकाणी ऐकावे लागले होते. वडिलांनी त्याला पुन्हा विचारले नाही आणि ते त्यांनी बरोबर केले, असे मला वाटते. पण आपण, म्हणजे ज्यांच्या फाटकावर तो रात्रभर जागा असतो त्यांनी, त्याला एवढे सांगू शकतो की रस्त्यावर काही पाहिलेस तर वहीत लिही, नंबर टिपून ठेव, ११२ ला फोन कर, तुझी नोकरी जाणार नाही. हे एजन्सीबरोबरच्या करारातही लिहून घेता येईल.

तो टेम्पो बांधकामावर आला होता की नाही, हे मला कधीच कळणार नाही आणि मी तसा आरोपही करत नाही. मात्र सध्या कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे, सहकारनगर अशा भागांतील कित्येक गल्ल्यांत एकाच वेळी दोन-तीन इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. जड वाहनांना दिवसा अनेक रस्त्यांवर बंदी असल्याने खडी, सिमेंट, सळया आणि राडारोडा यांची ने-आण रात्रीच होते. ज्या गल्ल्या दोन स्कूटर आणि एका फियाटच्या काळात आखल्या गेल्या, त्यांतून आता दुतर्फा उभ्या गाड्यांच्या मधून डंपर आणि मिक्सर जातात. पुनर्विकासाचा करार करताना आपण कार्पेट एरिया, भाडे आणि कॉर्पस यांच्यासाठी महिनोन्महिने घासाघीस करतो. त्याच करारात आणखी एक अट घालता येईल : साइटवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वाहनाचा नंबर, वेळ आणि चालकाचे नाव फाटकावरच्या वहीत लिहिले जाईल आणि ती वही संस्थेला केव्हाही पाहता येईल. या अटीने बिल्डरचा काडीचाही खर्च वाढत नाही, आणि रात्री गल्लीतून जाणाऱ्या चालकाला आपली नोंद झालेली आहे हे ठाऊक असते.

सभासदांनाही मला एक सांगायचे आहे. ठोकणारा नेहमी बाहेरचाच असतो असे नाही. पार्किंगमधून गाडी मागे घेताना शेजाऱ्याच्या दाराला घासली, कोणी पाहिले नाही, आणि आपण काही न बोलता निघून गेलो, असे आपल्यांत घडत नाही असे कोणी म्हणू शकेल का? त्या वेळी मनात आलेली भीती पैशांची असते आणि त्याहून जास्त भांडणाची असते, हे मी स्वतः बर्फात त्या चिठ्ठीचा कागद हातात धरून उभी असताना अनुभवले आहे. पण वर सांगितल्याप्रमाणे आपल्या तृतीय पक्ष विम्यातून शेजाऱ्याचे नुकसान भरून निघू शकते, आणि निव्वळ त्या दाव्यामुळे आपला नो क्लेम बोनस जात नाही. तो आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा केला तरच जातो. म्हणजे कबूल करणाऱ्याला बहुतेक वेळा फारसे काही गमवावे लागत नाही, आणि लपवले तर शेजाऱ्याला ११ अधिक ११ हजारांचा हिशेब मांडत बसावे लागते. वायपरखाली चिठ्ठी ठेवावीच, पण तिच्यावर न थांबता वॉचमनकडे फ्लॅट क्रमांक सांगावा किंवा दार वाजवून बोलावे.

मी मे महिन्यात तीन आठवडे पुण्यात आहे. वर म्हटलेल्या ठरावाचा आणि पुनर्विकासाच्या करारातील त्या अटीचा मसुदा मी साध्या मराठीत लिहून ठेवला आहे आणि एका वकील मैत्रिणीकडून तो तपासून घेतला आहे. समोरच्या संस्थेच्या सेक्रेटरींनी तो येत्या सभेपुढे ठेवण्याचे वडिलांजवळ कबूल केले आहे. त्यांच्या यंत्रासाठी नवी डिस्क मी देऊ केली होती, पण ती त्यांनी नम्रपणे नाकारली आणि संस्थेच्या खर्चाने घेतली. आता तिच्यात २८ दिवस मावतात. ज्या समितीला तो मसुदा हवा असेल तिने या पत्राखाली तसे लिहावे, मी तो पाठवीन, आणि चर्चेसाठी बोलावल्यास त्या तीन आठवड्यांत कोणत्याही रविवारी वडिलांना बरोबर घेऊन येईन. श्रीखंडाचा तो डबा त्यांनी अजून टाकलेला नाही, तोही ते बरोबर आणतील.

कळावे,
आपली नम्र,
कोथरूडची एक मुलगी, सध्या मुक्काम स्टुटगार्ट